सहा सिलिंडर, तीन वाटा : शेवरोलेच्या इंजिनाची कोंडी फोडणारे कारागीर (दीर्घ धागा)

दुसरे महायुद्ध संपले त्यानंतरच्या काही वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियातील एका यंत्रकारागिराने ठरवले की, जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीच्या इंजिनाचे सिलिंडर हेड काढून टाकायचे आणि त्या जागी स्वतः ओतलेले बसवायचे. त्याचे नाव वेन हॉर्निंग. कंपनीने त्याला बोलावले नव्हते, सरकारने पैसा दिला नव्हता. त्याच्यापाशी लेथ होती, ओतकामाची जाण होती आणि गिऱ्हाईक म्हणून वेगाने झपाटलेली काही तरुण मुले होती. आज ज्याला ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात, म्हणजे गाडी विकली गेल्यावर बाहेरच्या कारखानदाराने तिच्यासाठी बनवलेले सुटे भाग, त्या धंद्याच्या इतिहासातील हे एक विस्मृतीत गेलेले प्रकरण आहे.

ते समजण्यासाठी आधी मूळ इंजिनाकडे जावे लागते.

शेवरोलेने १९२९ च्या मॉडेलसाठी एका रांगेत सहा सिलिंडर असलेले नवे इंजिन आणले. क्षमता १९४ घनइंच, म्हणजे सुमारे ३.२ लिटर. फोर्डची गाडी तेव्हा चार सिलिंडरची होती आणि ‘चारच्या किमतीत सहा’ ही शेवरोलेची जाहिरात खरोखरच खपली. इंजिनाचे काही बोल्ट घरगुती शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत, म्हणून लोकांनी त्याला ‘स्टोव्हबोल्ट’ हे नाव दिले. त्यात थट्टा होती आणि मायाही. १९३७ मध्ये हेच कुटुंब २१६ घनइंचांवर आणि ८५ अश्वशक्तीवर पोचले. मुंबईकरांनाही ही गाडी परकी नव्हती. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडीला १९२८ मध्येच सुरू झाला होता आणि पुढची सुमारे अडीच दशके तेथून शेवरोले गाड्या बाहेर पडत होत्या.

एका बाबतीत हे इंजिन फोर्डच्या पुढे होते. त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर, हेडमध्ये होते. १९३२ साली फोर्डने ६५ अश्वशक्तीचे व्ही-एट इंजिन आणून सगळ्यांचे डोळे दिपवले खरे, पण त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कडेला, ब्लॉकमध्ये होते आणि तापलेला धूर ब्लॉकच्या आतूनच बाहेर जाई. त्यामुळे ते इंजिन गरम होण्यासाठी कुप्रसिद्ध ठरले. कागदावर पाहिले तर शर्यतीसाठी शेवरोलेचीच रचना उजवी होती. तरीही शर्यतीच्या मैदानावर दिसत ते बहुतेक फोर्डच.

कारण शेवरोलेच्या हेडमध्ये दडलेले होते. सिलिंडर सहा, परंतु हवा-पेट्रोलचे मिश्रण आत नेणाऱ्या वाटा तीनच. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक, तिसऱ्या-चौथ्याला एक, पाचव्या-सहाव्याला एक. धूर बाहेर नेणाऱ्या वाटाही सहा नव्हेत, चारच. असे जोडपोर्ट ठेवणे हा मूर्खपणा मुळीच नव्हता. ओतकाम सोपे होई, मॅनिफोल्ड स्वस्तात बने आणि दूधवाल्याच्या ट्रकला लागणारी मंद गतीची ओढ उत्तम मिळे. ज्या गिऱ्हाइकासाठी हे इंजिन केले होते त्याला ते पुरेपूर होते.

गोची होई ती वेग वाढल्यावर. या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असा असतो आणि क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, सहाही सिलिंडर एकेकदा श्वास घेतात. मधल्या जोडीत, तिसऱ्या आणि चौथ्यात, दोन श्वासांमधील अंतर ३६० अंशांचे, अगदी समसमान असते. टोकाच्या जोड्यांचे तसे नाही. दुसऱ्याने श्वास घ्यायला सुरुवात केली की अवघ्या २४० अंशांनी पहिला ओढू लागतो आणि त्यानंतर ४८० अंश त्या वाटेवर नवा श्वास सुरू होत नाही. पाचव्या-सहाव्याचीही तीच कथा. जास्त शक्तीसाठी व्हॉल्व्ह अधिक काळ उघडा ठेवणारा कॅमशाफ्ट घातला की एकाचा श्वास संपण्याआधीच दुसऱ्याचा सुरू होतो. एकाच नळावर दोन घागरी लावल्यासारखे ते होते. वाट मोठी केली, कार्बोरेटर वाढवले, तरी भांडण मिटत नाही.

आता मैदानाकडे वळू. कॅलिफोर्नियातील म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांचा सपाट, कडक तळ हीच या मुलांची धावपट्टी होती. १९३७ मध्ये तेथे हौशी मंडळांनी एकत्र येऊन दक्षिण कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. पुढे म्युरॉक लष्कराकडे गेले आणि युद्धानंतर हा मेळा एल मिराज तळ्यावर भरू लागला. १९४९ पासून युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरही वेगाच्या चाचण्या सुरू झाल्या. युद्धावरून परतलेल्या अनेकांना यंत्रांची सवय झाली होती, भंगारात जुन्या गाड्या स्वस्त होत्या आणि जानेवारी १९४८ मध्ये निघालेल्या ‘हॉट रॉड’ मासिकाने या छंदाला छापील व्यासपीठ दिले. मासिकात फोर्डचे राज्य होते. फोर्डसाठी भाग बनवणारे शेकड्याने, शेवरोलेसाठी मोजके.

जे मोजके होते त्यांचे पहिले उपाय साधे होते. एका कार्बोरेटरऐवजी दोन किंवा तीन बसवायचे. हेडचा पृष्ठभाग घासून घेऊन मिश्रण अधिक दाबायचे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मधोमध कापून पुढच्या तीन सिलिंडरांचा धूर एका नळीतून आणि मागच्या तिघांचा दुसरीतून सोडायचा. हा शेवटचा उपाय गॅरेजमधील वेल्डरही करू शके, आणि गणित पाहिले तर त्यात शास्त्र होते. तसे विभागल्यावर प्रत्येक नळीत बरोबर २४० अंशांच्या अंतराने धूर येतो, कोणी कोणाच्या आड येत नाही. त्यातून निघणारा कडकडीत आवाज हीच पुढे या गाड्यांची ओळख झाली. फेंटन, निक्सन यांसारख्या कंपन्या असे मॅनिफोल्ड तयार विकू लागल्या. इंडियानापोलिसच्या शर्यतीत उतरलेला फ्रँक मॅकगर्क शेवरोलेसाठी कॅमशाफ्ट आणि इतर भाग पुरवू लागला.

दुसरे दुखणे तेलाचे. जुन्या स्टोव्हबोल्टमध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला पंपाच्या दाबाने तेल मिळत नसे. रॉडच्या तळाशी लावलेली छोटी पळी तेल उडवत, पकडत फिरे. बाजारहाटाच्या वेगाला एवढे पुरे. शर्यतीच्या वेगात मात्र बेअरिंग वितळून गेल्याच्या कहाण्या जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये होत्या.

हॉर्निंगचे वेगळेपण असे की त्याने मलमपट्टी नाकारली. त्याच्या हेडमध्ये सहा सिलिंडरांना सहा इनटेक आणि सहा एक्झॉस्ट अशा बारा स्वतंत्र वाटा होत्या. वाचायला हे सोपे वाटते, पण हेड म्हणजे लोखंडाचा ठोकळा नव्हे. त्याच्या पोटात पाण्याचे कप्पे, व्हॉल्व्हच्या जागा आणि बोल्टांची भोके एकमेकांना चुकवत जातात. प्रत्येक पोकळीसाठी वाळूचा वेगळा गाभा करावा लागतो. ओतताना तो गाभा जरासा सरकला तर भिंत पातळ होते आणि सगळी मेहनत भंगारात जाते. शिवाय वाटा बदलल्या की जुने मॅनिफोल्ड निरुपयोगी ठरतात, तेही नवे करावे लागतात. मोठ्या कारखान्यात हा खर्च लाखो गाड्यांवर वाटला जातो. येथे तो मूठभर गिऱ्हाइकांवर पडत होता. या कंपनीचे नाव वेन मॅन्युफॅक्चरिंग. पुढे ती हॅरी वॉर्नरच्या हाती गेली आणि त्याने शेवरोलेचे हेड विकणे चालू ठेवले.

हॉर्निंग स्वतः शेवरोलेच्या थोरल्या भावाकडे वळला. जनरल मोटर्सच्याच जीएमसी ट्रकचे सहा सिलिंडरचे इंजिन २७० घनइंचांचे, म्हणजे साधारण ४.४ लिटरचे होते. युद्धात ‘ड्यूस-अँड-अ-हाफ’ या टोपणनावाच्या अडीच टनी लष्करी ट्रकमध्ये तेच बसवलेले असे. असे ट्रक पाच लाखांहून अधिक बनले. नॉर्मंडीनंतर फ्रान्समध्ये रसद वाहणारे ते हेच, आणि आसामातील लेडो येथून ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर धावलेलेही. युद्ध संपताच ही इंजिने लिलावात कवडीमोलाने आली. त्यांत बेअरिंगला पूर्ण दाबाने तेल मिळे, शिवाय ती शेवरोले गाडीत फारशी मोडतोड न करता मावत. त्यांवर हॉर्निंगचे बारा वाटांचे हेड चढवले की हौशी माणसाच्या हाती खरेखुरे शर्यतीचे इंजिन येई. लष्कराच्या मालवाहू ट्रकाचे हृदय मिठाच्या मैदानावर विक्रम करू लागले, हा त्या काळाचा मोठा गमतीदार योग म्हणावा लागेल.

या ज्ञानाला पुस्तकाचे रूप दिले बिल फिशर याने. ‘कॅलिफोर्निया बिल’ या नावाने त्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस शेवरोले, जीएमसी आणि ब्युइक इंजिनांची शक्ती वाढवण्याच्या पुस्तिका काढल्या. कोणते हेड किती घासावे, कोणत्या इंजिनाचा कोणता भाग कोणत्यात बसतो, असली माहिती तोवर तोंडीच फिरत होती आणि पुष्कळदा मुद्दाम लपवलीही जात होती. फिशरने ती छापून टाकली. त्यामुळे कॅलिफोर्नियापासून शेकडो मैल दूर, शेतावरच्या शेडमध्ये बसलेला मुलगाही तेच करू शकला. इंजिनाच्या इतिहासात हेड ओतणाऱ्यांना मान मिळतो, पुस्तिका लिहिणाऱ्यांना मिळत नाही. हे अन्यायाचे आहे.

१९५३ मध्ये शेवरोलेने कॉर्व्हेट ही दोन आसनी गाडी आणली. तिच्या नाकाखाली तोच २३५ घनइंचांचा सहा सिलिंडर होता, पण साध्या गाडीतल्या ११५ ऐवजी १५० अश्वशक्तीचा. कसा? अधिक दाब, अधिक उघडणारा कॅम, दुहेरी एक्झॉस्ट आणि तीन जोडपोर्टांना तीन कार्बोरेटर. हौशी मुलांनी वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये केलेली ही यादीच होती. बारा वाटांचे हेड मात्र कंपनीने घेतले नाही. मूळ कोंडी जशीच्या तशी राहिली.

त्याच वर्षी जनरल मोटर्समध्ये झोरा अर्कस-डुंटोव्ह नावाचा अभियंता रुजू झाला. तो स्वतः याच धंद्यातून आलेला. फोर्डच्या व्ही-एटवर बसणारे, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेले ‘आर्डुन’ हेड त्याचेच, आणि ते नाव त्याच्याच आडनावातून घडलेले. डिसेंबर १९५३ मध्ये त्याने वरिष्ठांना एक टिपण पाठवले. त्याचा आशय असा : तरुणांची मासिके फोर्डने भरलेली आहेत, ही मुले उद्या कमावती झाली तरी फोर्डचीच गिऱ्हाइके राहतील, शेवरोलेला ती हवी असतील तर कंपनीने स्वतःच तपासलेले कॅम, व्हॉल्व्ह, पिस्टन, मॅनिफोल्ड बाजारात आणावेत. कारखान्याने सुट्या भागांच्या छोट्या दुकानदाराकडून धंदा शिकावा, असेच ते सांगणे होते.

ते मानले गेले, पण लाभ सहा सिलिंडरला झाला नाही. १९५५ च्या मॉडेलमध्ये शेवरोलेने नवे व्ही-एट आणले. २६५ घनइंच, आरंभालाच १६२ अश्वशक्ती, वजन सहापेक्षा किंचित कमी, आणि आठ सिलिंडरांना मिश्रणाच्या आठ स्वतंत्र वाटा. हॉर्निंगने जे एकेका हेडमध्ये घाम गाळून ओतले, ते आता प्रत्येक शोरूममध्ये हप्त्यावर मिळू लागले. बारा वाटांच्या हेडची बाजारपेठ पाहता पाहता आटली. त्या हेडमध्ये खोट नव्हती. तेवढ्या पैशांत गिऱ्हाइकाला पूर्ण नवे इंजिन मिळत होते, एवढेच.

जेथे असे स्वस्त व्ही-एट नव्हते तेथे मात्र हीच विद्या जगली. ऑस्ट्रेलियात १९४८ मध्ये आलेल्या होल्डन गाडीला ६० अश्वशक्तीचे छोटे सहा सिलिंडर इंजिन होते, त्याचे इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला दाटलेले. व्हिन्सेंट मोटारसायकलींच्या इंजिनांमुळे नाव कमावलेल्या फिल आयर्विंगने रेप्को कंपनीसाठी त्यावर नवे हेड आखले. मिश्रण एका बाजूने आत, धूर दुसऱ्या बाजूने बाहेर. याच आयर्विंगने पुढे रेप्कोसाठी आखलेल्या व्ही-एटवर जॅक ब्रॅबहॅमने १९६६ चे फॉर्म्युला वन अजिंक्यपद जिंकले, तेही स्वतःच्या नावाच्या गाडीत.

शेवरोलेने १९६२ पासून सहा सिलिंडरची नवी पिढी आणली आणि त्यातही इनटेकच्या वाटा तीनच ठेवल्या. भरीस भर म्हणजे हेडच्या बोल्टाचा जाडजूड खांब थेट वाटेच्या मध्येच उभा. के सिसेल या कॅलिफोर्नियातील कारागिराने तो खांब कापून काढण्याची आणि वाटेच्या तळाशी धातूचा एक घडीव उंचवटा बसवण्याची पद्धत रूढ केली. वाट त्यामुळे अरुंद होते, तरीही मिश्रण व्हॉल्व्हकडे अधिक सरळ वळते आणि अधिक प्रमाणात आत जाते. या उंचवट्यांना ‘लम्प’ म्हणतात आणि ते आजही विकले जातात. बॉनव्हिलच्या मिठावर जुन्या रांगेतल्या इंजिनांसाठी ‘एक्सओ’ नावाचा स्वतंत्र गट आहे, आणि ट्रकमधून काढलेली जीएमसी इंजिने तेथे अजूनही घड्याळाशी झुंजतात.