तरुणानें पत कशी मिळवावी : एक जुना इतिहास

धन आणि पत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धन मनुष्याच्या स्वतःच्या पेटींत असतें. पत मात्र दुसऱ्याच्या मनांत आणि दुसऱ्याच्या वहींत असते. वडिलांचें धन मुलास वारसानें मिळतें. परंतु वडिलांची पत मुलाच्या नांवावर आपोआप चढत नाहीं. व्यवहारांत नुकतेंच पाऊल टाकणारा तरुण कितीही गुणी असला तरी सावकाराच्या वहींत त्याचें पान कोरेंच असतें, आणि कोऱ्या पानावर विसंबून पैसे देण्यास कोणी सहसा धजत नाहीं. कर्ज घेऊन फेडल्याखेरीज पत नाहीं, आणि पत असल्याखेरीज कर्ज नाहीं, असा हा पेंच आहे. तो आजचा नव्हे. सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत एका निर्धन तरुणानें तो कसा सोडविला, याची हकीकत त्यानें स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत नमूद करून ठेविली आहे. त्या तरुणाचें नांव बेंजामिन फ्रँक्लिन.

फ्रँक्लिनचा जन्म १७०६ सालीं बोस्टन येथें मेणबत्त्या व साबण करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं झाला. वडील भावाच्या छापखान्यांत उमेदवारी करीत असतां दोघांचा बेबनाव झाला, आणि १७२३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो एकटाच फिलाडेल्फियास आला. प्रांताचा गव्हर्नर सर विल्यम कीथ याची त्याच्यावर मर्जी बसली. फ्रँक्लिननें इंग्लंडांत जाऊन यंत्र व खिळे खरेदी करावे आणि स्वतंत्र छापखाना काढावा. त्यासाठीं लागणारीं पतपत्रें आपण देऊं, असें आश्वासन कीथनें दिलें. १७२४ च्या अखेरीस फ्रँक्लिन लंडनला जाण्यास निघाला. पण जहाजावरील टपालाची थैली उघडली तेव्हां तींत कीथचें एकही पतपत्र निघालें नाहीं. बरोबरचा प्रवासी थॉमस डेनम हा अनुभवी व्यापारी होता. ही हकीकत ऐकून त्याला हसूं आलें. ज्याची स्वतःचीच पत नाहीं तो दुसऱ्यास पतपत्र काय देणार, असें त्याचें म्हणणें पडलें. पद मोठें म्हणजे पत मोठी असें नव्हे, हा पहिला धडा फ्रँक्लिनला अठराव्या वर्षीं परमुलखांत मिळाला.

डेनमची स्वतःची कथा याहूनही बोधप्रद आहे. ब्रिस्टल येथें व्यापारांत बुडाल्यावर तो सावकारांशीं तडजोड करून, म्हणजे कर्जाचा कांहीं भाग देऊन, अमेरिकेस गेला होता. तेथें थोड्याच वर्षांत त्यानें चांगली संपत्ति मिळविली. इंग्लंडला परत आल्यावर त्यानें सर्व जुन्या सावकारांस मेजवानीस बोलाविलें आणि त्यांनीं दिलेल्या सवलतीबद्दल त्यांचे आभार मानले. पहिलें वाढप संपून बशा उचलल्या गेल्या, तेव्हां प्रत्येकाच्या बशीखालीं पेढीवरील एक चिठ्ठी निघाली. राहिलेल्या सर्व रकमेची व्याजासह भरपाई तींत होती. तडजोडीनें तो केव्हांच मोकळा झाला होता. पण कायद्यानें सुटणें आणि देणें फिटणें यांत अंतर आहे, हें तो जाणून होता.

फ्रँक्लिनचें स्वतःचें वर्तनही या बाबतींत प्रारंभीं निष्कलंक नव्हतें. व्हर्नन नांवाच्या गृहस्थानें पेनसिल्व्हेनियांतील आपलें सुमारें पस्तीस पौंडांचें येणें वसूल करून ठेवण्याचें काम त्याच्यावर सोपविलें होतें. ती रक्कम हातीं आली, आणि एका मित्रास हातउसने पैसे देतां देतां तींतील बराच भाग खर्ची पडला. मित्र पैसे न फेडतां बार्बेडोस बेटाकडे निघून गेला. पुढें व्हर्ननकडून विचारणा झाली, तेव्हां फ्रँक्लिननें सबबी सांगितल्या नाहींत. त्यानें सरळ पत्र लिहून देणें कबूल केलें, थोडी मुदत मागितली, आणि ऐपत येतांच मुद्दल, व्याज व आभार हीं तिन्ही पोंचतीं केलीं. चुकल्यावर तोंड लपविणारा मनुष्य आपली पत कायमची गमावतो. चूक कबूल करून फेडणारा ती पुन्हां मिळवूं शकतो.

१७२८ सालीं ह्यू मेरेडिथ याच्या भागींत फ्रँक्लिननें छापखाना काढला. भांडवल मेरेडिथच्या वडिलांनीं द्यावयाचें होतें. शहरांत अगोदरच दोन छापखाने असल्यानें हा तिसरा टिकणार नाहीं, असें व्यापाऱ्यांच्या एका मंडळांत बहुतेकांचें मत पडलें. डॉक्टर बेअर्ड या गृहस्थांनीं मात्र निराळें मत दिलें. मंडळ आटोपून उशिरां घरीं परततांना आणि शेजारपाजार जागा होण्यापूर्वीं सकाळींही, त्यांना फ्रँक्लिन कामांतच दिसे. एवढ्या साक्षीवरून एका व्यापाऱ्यानें लेखनसाहित्याचा माल उधार देण्याची तयारी दाखविली. फ्रँक्लिन साधे कपडे घाली, चैनीच्या ठिकाणीं दिसत नसे, आणि विकत घेतलेला कागद कधीं कधीं एकचाकी हातगाडीवर घालून भर रस्त्यानें स्वतः घरीं आणी. कोणी याला देखावा म्हणतील. परंतु देखाव्यामागें काम खरें होतें, आणि घेतलेल्या मालाचे पैसे ठरल्या वेळीं पोंचत होते. म्हणूनच कागद आयात करणारे व्यापारी आपण होऊन त्याला गिऱ्हाईक करूं पाहूं लागले.

खरी कसोटी पुढेंच लागली. मेरेडिथच्या वडिलांना दोनशें पौंडांपैकीं शंभरच देतां आले, आणि उरलेल्या शंभरांसाठीं व्यापाऱ्यानें दावा लावला. छापखाना विकला जाण्याची वेळ आली. अशा वेळीं विल्यम कोलमन व रॉबर्ट ग्रेस हे दोन मित्र, एकमेकांस न कळवितां, निरनिराळे येऊन सर्व रक्कम देण्यास तयार झाले. मात्र दारू पिऊन रस्त्यांत हिंडणाऱ्या मेरेडिथशीं असलेली भागी तुटावी, अशी दोघांचीही इच्छा होती. ज्या शहरानें फ्रँक्लिनची हातगाडी पाहिली होती, त्याच शहरानें मेरेडिथची दारूही पाहिली होती. फ्रँक्लिननें येथेंही न्याय सोडला नाहीं. मेरेडिथनें शेतीकडे वळण्याचें ठरविलें, तेव्हां त्याच्या वडिलांचे शंभर पौंड, त्याचीं किरकोळ देणीं, वर तीस पौंड आणि एक नवें खोगीर, असें सर्व देऊन १७३० सालीं भागी मोडण्यांत आली. आणि कोणाचें मन दुखूं नये म्हणून फ्रँक्लिननें दोघां मित्रांकडून निम्मी निम्मी रक्कम घेतली. पुढें १७४८ सालीं एका तरुण धंदेवाल्यास केलेल्या लेखी उपदेशांत त्यानें हाच अनुभव मांडला. ऋणको उद्योगांत दिसला तर सावकार धीर धरतो, आणि बिलियर्डच्या टेबलाशीं दिसला तर लगेच तगादा लावतो, असा त्याचा आशय आहे.

हें सर्व घडलें तें फिलाडेल्फिया आटोपशीर होतें. तेथें सावकार आणि ऋणको एकाच रस्त्यानें चालत. शंभर वर्षांनीं न्यूयॉर्कचे घाऊक व्यापारी शेंकडों मैलांवरील दुकानदारांस माल उधार देऊं लागले. त्यांना कोणाचीही हातगाडी दिसणें शक्य नव्हतें. १८३७ च्या आर्थिक अरिष्टांत आर्थर टॅपन याची रेशमाची पेढी बुडाली. त्याचा भाऊ लुइस टॅपन यानें १८४१ सालीं ‘मर्कंटाइल एजन्सी’ नांवाची संस्था काढली. गांवोगांवचे बातमीदार, त्यांत बरेचसे वकील, तेथील व्यापाऱ्यांची मालमत्ता, संवयी व चारित्र्य यांविषयीं माहिती पाठवीत, आणि ती मोठ्या वह्यांत उतरून घेतली जाई. अशा अडीच हजारांहून अधिक वह्या हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयांत जपून ठेविलेल्या आहेत. या रीतीनें पत अनोळखी माणसांत फिरूं लागली. पण ज्याच्याविषयीं लिहिलें त्यालाच तें पान दिसत नसे. ऐकीव गोष्ट, शेजाऱ्याचा आकस, वंशाविषयींचा पूर्वग्रह, हेंही शाईनें पक्कें होई.

आपला व्यवहार दुसऱ्याच्या वहींत लिहिला जावा आणि तो आपणांस वाचतां येऊं नये, याचा परिणाम त्याच शतकांत महाराष्ट्रानेंही पाहिला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर हल्ला केला, आणि दंगे पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गांवीं पसरले. वाढलेला सारा, उतरलेले कापसाचे भाव अशीं कारणें अनेक होतीं. परंतु जमावाचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यांत आले. आपण निशाणी केलेल्या कागदांत काय लिहिलें आहे, हें निरक्षर कुणब्यास कळत नव्हतें, आणि भरलेल्या पैशाची पावतीही अनेकदां मिळत नव्हती. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांसंबंधींच्या कायद्यानें पावती, वार्षिक हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क त्याला दिला. देणें फेडणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तें फेडल्याची खरी नोंद होणें महत्त्वाचें, हें सरकारास दंग्यानंतर मान्य करावें लागलें.

विसाव्या शतकांत वह्यांची जागा गणितानें घेतली. अमेरिकेंत विल्यम फेअर हा एंजिनियर आणि अर्ल आयझॅक हा गणितज्ञ यांनीं १९५६ सालीं कंपनी काढली. तिचा प्रसिद्ध पतगुणांक १९८९ सालीं प्रचारांत आला. दरम्यान १९७० च्या कायद्यानें आपल्या नोंदींत काय आहे हें जाणण्याचा व चुकीस हरकत घेण्याचा हक्क तेथील नागरिकांस मिळाला, आणि १९७४ च्या कायद्यानें केवळ स्त्री आहे किंवा विवाहित आहे एवढ्यावरून कर्ज नाकारणें बेकायदा ठरलें. भारतांत २००० सालीं मुंबईंत ‘सिबिल’ ही पतमाहिती संस्था स्थापन झाली, आणि २००५ सालीं अशा संस्थांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. तिचा गुणांक ३०० पासून ९०० पर्यंत असतो.

गुणांकाचें तत्त्व फ्रँक्लिनच्या अनुभवाहून फारसें निराळें नाहीं. अमेरिकेंतील त्या गुणांकांत सामान्यतः ३५ टक्के वजन वेळेवर फेड झाली कीं नाहीं यास, ३० टक्के एकंदर देणें किती यास आणि १५ टक्के व्यवहार किती जुना यास असतें. उरलेलें दहा दहा टक्के नवीन कर्जें आणि कर्जाचे प्रकार यांत वांटलेलें असतें. म्हणून तरुणानें आरंभ लवकर पण लहान करावा. स्वतःच्या मुदतठेवीवर मिळणारें कार्ड किंवा सहज फेडतां येईल असें लहानसें कर्ज यास पुरें. कार्डाची मर्यादा मिळाली म्हणजे ती संपविलीच पाहिजे असें नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे. बिल येईल तें पूर्ण भरावें, कारण केवळ किमान रक्कम भरणाऱ्यावर बाकीचें व्याज चढत राहतें. एकाच महिन्यांत चार बँकांचीं दारें ठोठावूं नयेत. मित्रास जामीन राहण्यापूर्वीं दहादां विचार करावा. मित्राचा हप्ता थकला तर त्याचा डाग जामिनाच्या पानावरही पडतो.

एका बाबतींत मात्र काळ कठोर झाला आहे. व्हर्ननला पत्र लिहितां आलें आणि त्यानें तें वाचून मुदत दिली. गुणांकास आर्जव समजत नाहीं. म्हणून अडचण आल्यास हप्ता चुकल्यावर नव्हे, चुकण्यापूर्वींच कर्ज देणाऱ्या बँकेस कळवावें. तेथें अजून मनुष्य बसलेला असतो. आणि सुप्याच्या शेतकऱ्यास जें नव्हतें तें साधन हातीं असतां वापरावें. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानें १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती संस्थेनें मागणाऱ्यास वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य देण्याची व्यवस्था झाली. फेडलेलें कर्ज थकलेलें दाखविलें आहे काय, न घेतलेलें कर्ज नांवावर चढलें आहे काय, हें तरुणानें स्वतः तपासावें आणि चूक आढळल्यास लेखी दुरुस्ती मागावी.

फ्रँक्लिन १७९० सालीं वारला. मृत्युपत्राच्या पुरवणींत त्यानें बोस्टन व फिलाडेल्फिया या शहरांस प्रत्येकी एक हजार पौंड ठेविले. त्यांतून पंचवीस वर्षांखालील, उमेदवारी पुरी केलेल्या, विवाहित कारागिरांस १५ ते ६० पौंडांचें कर्ज ५ टक्के व्याजानें द्यावें; दरसाल मुद्दलाचा दहावा भाग परत घ्यावा; आणि दोन प्रतिष्ठित नागरिकांनीं चारित्र्याची ग्वाही देऊन जामीन राहावें, अशी योजना त्यानें आंखून दिली. निधीची मुदत दोनशें वर्षांची होती, आणि ती १९९० सालीं पुरी झाली. या देणगीचें कारणही त्यानें लिहून ठेविलें आहे : दोन मित्रांनीं दिलेलें कर्ज हाच आपल्या भाग्याचा पाया होता. कोलमन आणि ग्रेस यांचे पैसे केव्हांच फिटले होते. उरलें होतें तें पुढच्या तरुणांचें देणें. तरुणानें स्वतःची पत जपावी हें खरेंच. पण ज्यांची पत एकदां स्थिर झाली, त्यांनीं होतकरू तरुणास पारखून पहिलें लहान कर्ज द्यावें, हाही त्याच इतिहासाचा अर्धा भाग आहे.