धोका लपवला की विमा बुडतो

विजेच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनला, खोल समुद्रात जाणाऱ्या खलाशाला, खाणीत सुरुंग लावणाऱ्या कामगाराला आयुर्विमा मिळत नाही. मिळालाच तर परवडत नाही. परवडायला हवा असेल, तर अर्जात धंद्यापुढे नुसते ‘नोकरी’ लिहून मोकळे व्हावे. हे मत आज इतके रुळले आहे की त्यावर कोणी वादही घालत नाही. मला तो घालायचा आहे; कारण या मताची किंमत ते देणारा नव्हे, तर मृताची विधवा मोजते.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. विम्याच्या अर्जात व्यवसाय विचारतात, तो जोखीम जोखण्यासाठीच. धोक्याच्या कामासाठी विमा रकमेच्या दर हजारी जादा हप्ता लागतो. एखादी कंपनी प्रस्ताव सरळ परत करते. वैयक्तिक अपघात विम्यात तर भूमिगत खाणकामगार, स्फोटके हाताळणारे आणि उच्चदाब विजेवर काम करणारे सर्वांत जोखमीच्या वर्गात मोडतात. उलट विमा कायद्याचे कलम ४५ सांगते की तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. मग तीन वर्षे गप्प राहण्यात शहाणपण नाही का? आणि तेही जमत नसेल, तर स्वस्तातला अपघात विमा आहेच.

यातली तथ्ये खरी आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र एकामागून एक कोसळतात.

पहिला निष्कर्ष: विमा मिळत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने १ जानेवारी २०२१ पासून ‘सरल जीवन बीमा’ ही प्रमाणित मुदत विमा पॉलिसी आणली. रक्कम ५ ते २५ लाख, प्रवेशाचे वय १८ ते ६५. ती देताना लिंग, राहण्याचे ठिकाण, प्रवास, शिक्षण किंवा व्यवसाय यांचे बंधन नसावे, असे नियामकाने स्पष्ट लिहून ठेवले. पहिल्या ४५ दिवसांत केवळ अपघाती मृत्यूचे संरक्षण मिळते. म्हणजे वायरमनला ज्या मृत्यूची सर्वांत जास्त भीती, त्याचे संरक्षण पहिल्या दिवसापासून. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण मिळते. तिथेही व्यवसायाची अट नाही. दार बंद आहे असे सांगणाऱ्यांनी ते ढकलून पाहिले होते का?

दुसरा निष्कर्ष: परवडत नाही. इथे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते. बचतीची एंडोमेंट पॉलिसी वीस वर्षांनी ५ लाख परत देणार असेल, तर ते पैसे आधी हप्त्यांतूनच गोळा व्हायला हवेत. म्हणून तिचा वार्षिक हप्ता पंचवीस हजारांच्या घरात जातो. ती महाग आहे बचतीमुळे, धोक्यामुळे नव्हे. निव्वळ मुदत विम्याचा हिशेब वेगळा. समजा कंपनीने धोक्यापोटी दर हजारी ३ रुपये जादा लावले. २५ लाखांच्या विम्यावर ही वाढ वर्षाला ७,५०० रुपये होते, महिन्याला ६२५. ही रक्कम क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. पण मूळ हप्ता धरूनही अनेक घरे पाच लाखांच्या पॉलिसीसाठी याहून अधिक भरतात, आणि पाचपट संरक्षण गमावतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही उरलेला नाही.

तिसरा निष्कर्ष सर्वांत घातक: धंदा लपवा. कलम ४५ मधली तीन वर्षे नुसत्या पॉलिसीच्या तारखेपासून मोजत नाहीत. पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पुनरुज्जीवनाची आणि रायडर (जादा संरक्षणाची पुरवणी) जोडल्याची, या तारखांपैकी जी शेवटची, तिथून मोजणी सुरू होते. हप्ता थकून बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की घड्याळ पुन्हा शून्यावर. तोवर महत्त्वाची माहिती दडवल्याचे ठरले, तर हप्ते परत देऊन कंपनी मोकळी होते. लबाडी सिद्ध झाली, तर तेवढेही बंधन नाही. ‘अर्ज एजंटने भरला, मी नुसती सही केली’ हा बचावही टिकत नाही. २०१९ मध्ये रिलायन्स लाइफच्या खटल्यात, आधीची पॉलिसी न सांगितल्यामुळे नाकारलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने नाकारलेलाच ठेवला, आणि न वाचता सही केल्याने परिणाम टळत नाहीत, हेही बजावले.

आता प्रत्यक्ष प्रसंग पाहू. वायरमन वाहिनी बंद ठेवण्याचे परमिट घेतो, डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उतरवतो, खांबावर चढतो. आणि शेजारच्या कुणाच्या तरी जनरेटरचा उलटा पुरवठा त्याला गाठतो. पोलिसांचा पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, वीज कायदा २००३ खाली विद्युत निरीक्षकांची चौकशी होते. या प्रत्येक कागदावर त्याचा धंदा लिहिलेला असतो. ज्या मरणासाठी विमा घेतला, तेच मरण खोटे उघडे पाडते. याला शहाणपण म्हणायचे?

चौथा निष्कर्ष: अपघात विमा पुरेसा आहे. वायरमन फक्त शॉक लागूनच मरतो काय? हृदयविकार, कर्करोग, कावीळ यांना धंदा कळत नाही. अपघात विमा यातल्या एकाही मृत्यूला पैसे देत नाही. तो जोडीला जरूर असावा. पण आयुर्विम्याची जागा तो घेऊ शकत नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. सर्वांत धोक्याचे काम करणारा कंत्राटी कामगार सर्वांत कमी कमावतो, आणि जादा हप्ता त्याच्याच माथी बसतो. हा अन्याय आहे. पण त्याचे उत्तर लपवाछपवीत नाही, संघटित मागणीत आहे. भविष्य निर्वाह निधीचा सदस्य असलेल्या कामगाराचा नोकरीत असताना कोणत्याही कारणाने मृत्यू झाला, तर ईडीएलआय योजनेत कमाल ७ लाख मिळू शकतात, तेही कामगाराने छदाम न भरता. त्यावर कंत्राटदाराकडून गटविमा मागावा. त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत प्रत्येकाची स्वतंत्र छाननी होत नाही. जोखमीची प्रतवारी ही काही ब्रह्मदेवाची रेघ नव्हे. एकेकाळी विलायती कंपन्या सरसकट भारतीयांनाच जादा हप्ता लावत. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल स्थापन झाली आणि तिने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा दिला.

वाचकहो, दोन्ही बाजू तुमच्यासमोर आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे: अर्जावर ‘उच्चदाब वाहिनीवर काम करणारा वायरमन’ असे पूर्ण लिहा, तीन-चार कंपन्यांचे दर मागवा, जादा हप्ता लेखी घ्या आणि निव्वळ मुदत विमा निवडा. दावा अन्यायाने नाकारला गेला, तर विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंत विनाशुल्क दाद मागता येते. पण तिथे उभे राहायला आधी अर्ज खरा असावा लागतो. ज्यांना अजूनही लपवणे स्वस्त वाटते, त्यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: दुसऱ्या वर्षी खांबावर गेलेल्या माणसाच्या बायकोच्या हाती, परत आलेल्या हप्त्यांखेरीज, ते काय ठेवणार आहेत?