मृदु भिंग, मुखचर्या आणि मोडी कागद

चाकण म्हणतांच आमच्या वाचकांस १६६० सालचा वेढा व फिरंगोजी नरसाळ्याचें नांव आठवतें. चिंचवड म्हणतांच मोरया गोसावी. या दोन गांवांमधील टापू आतां बहुतेक कारखान्यांनीं व्यापला आहे. जुने वाडे उतरविले जात आहेत व त्यांच्या माळ्यांवरचीं दप्तरें उजेडांत येत आहेत. घरवाले दप्तर सहसा बाहेर देत नाहींत. तेथेंच बसून छायाचित्र घेण्याची काय ती मुभा मिळते. म्हणून भिंगाचा विचार हा आपल्या शास्त्राचाच एक भाग झाला आहे. प्रस्तुत टिपणांत आमच्याच हातून घडलेली एक चूक नमूद करून तिचें कारण सांगावयाचें आहे.

मनुष्याचें मुख अगदीं जवळून टिपलें तर नाक मोठें व कान लहान दिसतात. चार-पांच हात दूर राहून लांब केंद्रांतराचें, म्हणजे टेलिफोटो भिंग वापरलें असतां चेहऱ्याचें प्रमाण यथास्थित राहतें. परंतु असें भिंग सुरकुत्या व वणही निष्ठुरपणें दाखवितें. त्यावर उपाय म्हणून लंडनच्या टॉमस रुडॉल्फस डॉलमेयर यानें, बर्गहाइम नांवाच्या चित्रकाराच्या सूचनेवरून, १८९६ च्या सुमारास एक मृदु भिंग प्रचारांत आणलें. टेलिफोटो भिंगाचें पेटंट त्यानें १८९१ सालींच घेतलें होतें. नव्या भिंगांत पुढें एक बहिर्गोल व मागें एक अंतर्गोल अशा दोनच साध्या कांचा असून त्यांचे दोष मुद्दाम काढलेले नव्हते. अशा कांचेच्या कडेनें येणारे किरण मध्यावरील किरणांशीं एका बिंदूंत मिळत नाहींत. यास गोलीय विपथन म्हणतात. त्यामुळें स्पष्ट रेषेभोंवतीं प्रकाशाचें फिकें वलय पसरतें. मुद्रा ओळखूं येते, पण तिचा कठोरपणा जातो. कॅनन कंपनीनें १९८७ सालीं काढलेल्या १३५ मि. मी. च्या भिंगांत ही मृदुता कमी-अधिक करण्यासाठीं ०, १ व २ अशा खुणांचें कडें आहे. छिद्र लहान केलें कीं कडेचे किरण अडतात, एफ/५.६ च्या पुढें मृदुता जवळजवळ उरत नाहीं.

असेंच एक भिंग घेऊन आम्ही चाकणाजवळच्या एका गांवीं गेलों होतों. दप्तर राखणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, “गुरुजी, आधीं माझा फोटो काढा, मग कागद बघा.” आम्ही कडें २ वर फिरविलें, छिद्र पूर्ण उघडें ठेविलें, आणि चित्र असें उतरलें कीं, आजीबाई संतुष्ट झाल्या. मग कॅमेरा व भिंग यांमध्यें पोकळ नळी बसवून जवळून दोन मोडी कागद टिपले. कडें मात्र फिरवावयाचें राहून गेलें.

पहिला कागद दोघां भावांमधील समजुतीचा कतबा. त्याची मिति ठळक असल्यानें छ ५ रजब अशी वाचतां येते. दुसरा, त्याच वर्षाची व त्याच महिन्याची, धाकट्या भावाची फिर्याद. तिचा हात बारीक. चंद्राचा अंक १ आहे कीं ९, हें त्या वलयांत बुडून गेलें आहे. दोहोंत शेपटीच्या वळणाचाच काय तो भेद. अंक १ असेल तर फिर्याद झाली व समजुतीनें मिटली. ९ असेल तर समजूत होऊन चार दिवसांतच मोडली. पुढच्या पावसाळ्यांत माळवद गळून त्या दप्तराचा लगदा झाला. मूळ पाहून शंका फेडण्याचा मार्ग त्याबरोबर बंद झाला.

एका अंकाचें मोल किती, हें चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिरावरील लेखावरून समजतें. १८८५ सालच्या पुणें गॅझेटियरांतील वाचनाप्रमाणें काम शके १५८०, विलंबी संवत्सरीं, कार्तिक शुद्ध १२ स आरंभिलें व विकारी संवत्सरीं आषाढ शुद्ध ४, सोमवारीं पुरें झालें. तेथें शकाचा एखादा अंक झिजला तरी संवत्सराचें नांव साक्ष देतें. विलंबी म्हणजे १५८०, विकारी म्हणजे १५८१. आमच्या फिर्यादींत ना वार, ना दुसरा कांहीं पडताळा. जेथें साक्ष एकच, तेथें तिच्याभोंवतीं वलय नको.

मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड प्राचीन लेख वाचीत व त्यांचे धाकटे बंधु डॉ. नारायण दाजी छायाचित्रें घेत. हीं दोन कामें एका घरांत सुखानें नांदलीं. पण मुखचर्या व लेख यांस भिंगाची एकच मांडणी लागू पडत नाहीं. कागद टिपतांना कडें ० वर आणावें, छिद्र एफ/८ ठेवावें, कॅमेरा तिकाटण्यावर बसवावा, आणि कागद परत बांधण्यापूर्वीं मितीची ओळ चित्रांत मोठी करून पाहावी. स्पष्ट चित्र मागाहून हवें तितकें मृदु करतां येतें. मृदु चित्रांतून गेलेली रेषा खात्रीनें परत आणतां येत नाहीं.

आमच्या टांचणांत त्या फिर्यादीची मिति ‘छ १ किंवा ९ रजब’ अशी लिहिली आहे. आजीबाईंचें चित्र त्यांच्या घरीं भिंतीवर लावलेलें आहे.