वितळलेल्या खडकाची वीण

घरच्या मंडळींना आधीच सांगतो, आज पुन्हा दगड. कंटाळा आला तर खुशाल उठा!

फिनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हिमनद्यांनी घासलेले आणि समुद्राने धुतलेले गुळगुळीत खडक आहेत. वय साधारण १८० ते १९० कोटी वर्षं. काळे पट्टे, गुलाबी पट्टे, मध्येच नागमोडी शिरा. याकोब सेडरहोम या भूवैज्ञानिकाने १९०७ साली अशा खडकांना 'मिग्मटाइट' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये 'मिग्मा' म्हणजे मिश्रण. जुना खडक खोलवर तापून अर्धवट वितळतो, आणि तो रस न वितळलेल्या भागातच थिजतो. ओट्यासाठी 'ग्रॅनाइट' म्हणून विकले जाणारे लाटालाटांचे दगड पुष्कळदा हेच असतात.

आता, हा खडक अर्धवट वितळलेला असताना दाब कुठून आला, तो वाहिला कुठे? रस थोडा जरी सुटला तरी खडकाची ताकद एकदम घसरते, म्हणून प्राचीन पर्वतांचा पाया कसा पसरला याचं उत्तर नेमकं इथे असतं. आणि नेमकं इथेच, थिजलेल्या रसात, डोळ्यांना बरेचदा काहीच दिसत नाही.

चुंबकत्व म्हटलं की आपल्याला होकायंत्र आठवतं. ते इथे उपयोगाचं नाही. मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या वर आपलं कायम चुंबकत्व गमावतं, आणि हे खडक वितळायला साधारण ६५० ते ७०० अंश लागतात. त्यात आज सापडणारी दिशा फार तर नंतर थंड होतानाची. पण कणांची मांडणी उरते! काळ्या अभ्रकाची पत्री तिच्या सपाटीच्या दिशेने चुंबकाला जास्त दाद देते, जाडीच्या दिशेने कमी. पत्र्या पत्त्यांच्या कॅटासारख्या एकावर एक लागल्या असतील तर अख्खा तुकडाही तशीच दाद देतो. अडीच सेंटीमीटर व्यासाचा तुकडा कापायचा आणि कमकुवत चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून मोजायचा, बस्स.

१९५४ साली जॉन ग्रॅहम यांनी हे खडकाची वीण वाचायचं, कुणी न वापरलेलं साधन आहे असं मांडलं. ग्रॅनाइटवर ते पुढे चांगलं रुळलं. पण मिग्मटाइटवर? २००३ साली एरिक फेरे आणि सहकाऱ्यांच्या निबंधाच्या शीर्षकातही ते 'नवं साधन'च होतं. जवळजवळ पन्नास वर्षांनी!

उशिराला कारण आहे. या खडकात वीतभर अंतरावर पट्टा बदलतो, आणि काळ्या पट्ट्यातला तुकडा एक सांगतो, तर गुलाबीतला कदाचित दुसरंच. मॅग्नेटाइटचे चार कण जास्त असले की अभ्रकाचा आवाज त्यात बुडून जातो. शिवाय रसातली मांडणी ही मुख्यतः थिजण्याआधीच्या शेवटच्या हालचालीची. त्याआधीचं सगळं तिने पुसून टाकलेलं असू शकतं. म्हणूनच सरसकट तुकडे मोजून नकाशावर मोठे बाण काढणाऱ्यांपेक्षा दोन्ही पट्टे वेगवेगळे मोजणारे मला जास्त पटतात, मग त्यांचे बाण एकमेकांशी भांडत का असेनात.