भोजनगृहातला राक्षस

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावातल्या शाळेनं मला कविता वाचायला बोलावलं होतं. तिथल्या एका निवृत्त गुरुजींनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावानं बँकेत ठेव ठेवली आहे. तिच्या व्याजातून दर वर्षी एखादा कवी, चित्रकार किंवा गायक येतो आणि मुलांबरोबर दिवस घालवतो. (व्याजाविषयी आमच्या घरी वेगळं मत होतं, पण ते असो.) अमेरिकेतल्या काही क्वेकर शाळांतही हाच रिवाज आहे. कुणाच्या तरी स्मरणार्थ निधी, आणि त्यातून पाहुणा कलावंत. आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. क्वेकरांच्या इतिहासात मात्र ही नवलाची गोष्ट आहे. स्मारक आणि कलावंत, दोन्ही त्यांना एके काळी नको होते.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स या माणसाभोवती हा पंथ उभा राहिला. पुरोहित नाही, मूर्ती नाही, ठरलेली प्रार्थना नाही. एकत्र जमून गप्प बसायचं. ज्याला आतून बोलावंसं वाटेल त्यानं उठून बोलायचं. कुणी कितीही मोठा असो, त्याच्यापुढं टोपी काढायची नाही. कपडे साधे, करड्या रंगाचे. संगीत, नाटक, चित्र म्हणजे डामडौल आणि वेळेची नासाडी. कबरीवर दगड बसवणंही नको. मेल्यावर तरी लहानमोठं कशाला? इंग्लंडच्या क्वेकरांनी साध्या, एकसारख्या दगडांना अधिकृत मोकळीक दिली ती १८५० मध्ये.

हे वाचताना मला परकं वाटलं नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या कबरी मातीच्याच, पावसानं खचणाऱ्या. माझा धाकटा भाऊ कोळशानं भिंतीवर कोंबडे, घोडे काढायचा. दादी म्हणायची, "काढ रे, पण डोळे नको काढूस. जीव घालायचं काम आपलं नव्हे." जिवंत प्राण्यांच्या चित्रांबद्दल आमच्यात मतं अनेक आहेत. दादीचं मत हे होतं. भाऊ अकराव्या वर्षी तापानं गेला. पुढच्या ईदला घराला चुना दिला, त्यात ती भिंतही गेली. त्याचा फोटो नाही.

क्वेकरांनीही अशी एक पळवाट काढली होती. तैलचित्र म्हणजे गर्व, पण काळ्या कागदात कापलेली चेहऱ्याची बाह्यरेषा पुष्कळांना चालायची. तिला डोळे नसतात! दादीला सांगायला हवं होतं.

पेनसिल्व्हेनियातल्या एडवर्ड हिक्सला (१७८० ते १८४९) मात्र डोळ्यांवाचून करमलं नाही. हा गाड्या आणि पाट्या रंगवणारा कारागीर क्वेकरांचा उपदेशकही होता. चित्रं काढणं आपल्या धर्माला शोभत नाही या टोचणीनं त्यानं शेती करून पाहिली. कर्ज झालं, आणि तो पुन्हा रंगांकडं वळला. बायबलमधल्या यशयाच्या भाकितावर, म्हणजे सिंह, बिबट्या, कोकरू आणि मूल एकत्र नांदतात त्या दृश्यावर, त्यानं साठेक चित्रं काढली. त्यांतल्या अनेकांत मागं विल्यम पेन मूळ रहिवाशांशी तह करताना दिसतो. १८२७ मध्ये क्वेकरांतच मोठी फूट पडली, तरी हा सलोख्याचं तेच चित्र पुन्हापुन्हा काढत राहिला. त्याचे सिंह आपल्याकडं टक लावून बघतात. मला ते भेदरलेले वाटतात.

त्याच पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७९९ मध्ये वेस्टटाउन ही निवासी शाळा काढली. तिच्या १९१० च्या तुकडीतला एक मुलगा जवळच्या चॅड्स फोर्ड गावी राहणाऱ्या एन. सी. वायथ या चित्रकाराकडं शिकला. 'ट्रेझर आयलंड'मधली चित्रं काढणारा तोच हा वायथ. हा शिष्य तरुणपणीच वारला. वर्गमित्रांनी काय करावं? संगमरवरी पाटी लावली नाही. त्याच्या गुरूकडूनच एक चित्र करून घ्यायचं ठरवलं. १९२३ मध्ये ते तयार झालं. नाव 'द जायंट', म्हणजे राक्षस. ते शाळेच्या भोजनगृहात लागलं.

समुद्रकिनारा आहे. सहा मुलं उभी आहेत आणि समोर ढगांचा प्रचंड राक्षस खांद्यावर सोटा टाकून चालला आहे. पाच मुलं वायथची स्वतःची. त्यांतला सगळ्यांत धाकटा, अँड्र्यू, पुढं स्वतः मोठा चित्रकार झाला. सहावा तो गेलेला विद्यार्थी, पुन्हा लहान होऊन त्यांच्यात मिसळलेला. ती मुलं आपल्याकडं बघत नाहीत, ढगाकडं बघतात. चित्रात शोक कुठंच नाही. गेलेल्या मुलासाठी याहून योग्य चित्र मला तरी सुचत नाही. शाळेतल्या मुलांच्या किती पिढ्या त्याच्यासमोर जेवल्या असतील! पुतळ्यासमोर कोण जेवतं?

पाहुणा कलावंत बोलावणं ही याच्याच पुढची पायरी म्हणायची. चित्र एकदाच काढून होतं. माणूस दर वर्षी नवा येतो.

क्वेकरांचा एक धागा आपल्या वर्ध्यापर्यंत येतो. १९२८ मध्ये भारतात आलेल्या मार्जरी साइक्स या क्वेकर बाई शांतिनिकेतनात राहिल्या, आणि स्वातंत्र्यानंतर सेवाग्रामला नई तालीमच्या शिक्षकांना घडवत होत्या. तिथं १९४४ पासून नंदलाल बोस यांचे विद्यार्थी देवी प्रसाद मुलांना चित्रं आणि मातीकाम शिकवत होते. सूतकताईच्या शेजारीच रंगांची जागा होती. तिथला कलावंत पाहुणा नव्हता, घरचाच होता.

त्या तालुक्याच्या शाळेत कविता वाचून झाल्यावर मी मुलांना भावाच्या भिंतीची गोष्ट सांगितली. ते निवृत्त गुरुजी मागच्या बाकावर बसले होते. एका मुलीनं विचारलं, "त्याचा कोंबडा कसा होता, सर? काढून दाखवा ना." मी खडू घेतला. तुरा जमला, पाय जमले नाहीत, मुलं हसली. मी खडू खाली ठेवला तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "सर, डोळा राहिला."

गुरुजी उठले, फळ्यापाशी आले आणि त्यांनी तो काढला.