साठ किलोमीटरची मोजपट्टी

विजेवर चालणारी छोटी गाडी रोजच्या वापराला कितपत चालेल, हे लोक सहसा कंपनीच्या पत्रकावरून ठरवतात. मी आज वेगळी मोजपट्टी घेतोय: लिंबागणेश ते बीड, आणि परत.

भालचंद्र गणपतीचं हे गाव मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावर आहे. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, मध्ये मांजरसुंब्याचा घाट. गंमत म्हणजे बीडला जाताना घाट उतरायचा, आणि संध्याकाळी बॅटरी दमल्यावर चढायचा! माझा चुलतभाऊ हे अंतर आठवड्यातले सहा दिवस मोटारसायकलवर कापतो, मागे कॉलेजात जाणारी लेक. आता मणक्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी दुचाकी बंद करायला सांगितलीय. "दादा, तू इंजिनीयर ना? मग सांग, चार्जिंगची गाडी घेऊ का?" हा त्याचा प्रश्न. उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

भारतात असा पहिला ठळक प्रयत्न १९९३ चा. एडी करंट कंट्रोल्स या कंपनीने जपानच्या यास्कावाच्या मदतीने 'लव्हबर्ड' ही दोन माणसांची गाडी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली. शिसे-आम्लाची बॅटरी, एका चार्जिंगला साधारण ६० किलोमीटर. म्हणजे आपल्या मोजपट्टीवर बरोब्बर काठावर, आणि घाट धरला तर नापासच. गाडी फारशी खपली नाही.

मग आली रेवा. बंगळूरचा मैनी समूह आणि कॅलिफोर्नियाची अमेरिगॉन यांनी १९९४ मध्ये कंपनी काढली, गाडी बाजारात आली २००१ मध्ये. ४८ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी, कागदावर ८० किलोमीटर. लंडनमध्ये २००४ पासून ती 'जी-विझ' नावाने विकली गेली, कारण तिथल्या गर्दी-करातून तिला सूट होती. सपाट रस्ता, छोटं अंतर, महागडं पार्किंग: अशा शहरात रेवा शोभली.

पण आपल्या रस्त्याचं काय? शिसे-आम्ल बॅटरीचा स्वभाव असा की एकदम जास्त करंट ओढला की तिची क्षमता घटते, आणि रोज तळापर्यंत रिकामी केली की आयुष्य घटतं. म्हणजे परतीचा घाट तिला सगळ्यात नको त्या वेळी गाठतो. शिवाय २००५ नंतरची ती वर्षं आठवा. मराठवाड्यातल्या खेड्यांत तासन् तास भारनियमन. गाडी रात्रभर लावायची, पण वीज आली तर ना! रेवा घाटात कमी पडली असती की नाही हा पुढचा प्रश्न, आधी ती अंगणातच अडली असती.

२०१० मध्ये महिंद्राने रेवा कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला आणि २०१३ मध्ये ई-टू-ओ आणली. लिथियम-आयन बॅटरी, सुमारे १०० किलोमीटर. इथे पहिल्यांदा आपला रस्ता पास होतो, पण जेमतेम. आज ही गाडी नवी मिळत नाही. जुनी मिळाली, तरी बॅटरी आता किती उरलीय हे पाहिल्याशिवाय हात लावू नये.

खरा फरक पडला तो २०२२ मध्ये. टाटाची टियागो ईव्ही सुरुवातीला ८.४९ लाखांना जाहीर झाली, लहान बॅटरी १९.२ युनिटांची. २०२३ मध्ये एमजीची कॉमेट आली, १७.३ युनिटांची. पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीने जानेवारी २०२५ मध्ये 'इव्हा' जाहीर केली, छपरावर सौर पॅनेल आणि बॅटरी भाड्याने घ्यायची सोय.

आता गणित. युनिटला १० किलोमीटर धरले तर साठ किलोमीटरला ६ युनिटं. घाटाची भीती? हजार किलोची गाडी १०० मीटर उंच न्यायला पाव युनिटाच्या जरा वर ऊर्जा लागते, मोटरची घट धरून थोडी जास्त. म्हणजे लिथियमच्या गाडीला घाट हा प्रश्नच राहिला नाही. रात्री घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीनेक तासांत गाडी पुन्हा भरते.

पैशांचं बघा. महिन्याला दीड हजार किलोमीटर. चार्जिंगची घट धरून १७५ युनिटं, १० रुपयांनी १,७५० रुपये. जुनी पेट्रोल कार लिटरला १८ देते धरली, पेट्रोल १०५ रुपये, तर ८,७५० रुपये. महिन्याला ७,००० वाचले, वर्षाला ८४,०००. जुन्या कारपेक्षा नवी साडेपाच लाखांनी महाग पडली, तर व्याज सोडून साडेसहा वर्षांत वसुली. टियागोच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर. भावाचे ८ वर्षांत होतील १.४४ लाख. बसतंय!

मात्र मोटारसायकलशी तुलना केली तर इंधनात महिन्याला जेमतेम दीड हजार वाचतात, त्यातून हप्ता निघत नाही. म्हणून भावाला सांगितलं: पेट्रोल वाचवायला घेऊ नकोस, पाठीसाठी आणि पोरीसाठी घे. सहा-सात वर्षं रोज चालवणार असशील तरच घे. आणि गाडीच्या आधी घराची अर्थिंग नीट करून घे.

तीस वर्षांत बॅटरी घाट चढली. आता हप्त्याचा घाट तेवढा उरलाय.