मॉर्वेन्स्टो

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील अगदी उत्तरेकडचे खेडे व पॅरिश. सलग वस्तीचे गाव येथे नाही; अटलांटिकच्या काठावरील उंच कड्यांमागे वाड्या व शेते विखुरलेली आहेत. त्यांना एकत्र बांधणारी पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला टापू. बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि पूर्वी गोरगरिबांचे पोषणही तिच्याकडेच असे. १८३४ च्या कायद्याने हे शेवटचे काम अनेक पॅरिश मिळून केलेल्या ‘युनियन’कडे सोपवले. १८३६ च्या कायद्याने चर्चला पिकाचा दशमांश वस्तुरूपाने देण्याची जुनी रीत मोडून रोख आकारणी आणली.

नेमक्या याच सुमारास, १८३५ मध्ये, रॉबर्ट स्टीफन हॉकर (१८०३–७५) येथे व्हिकर, म्हणजे पॅरिशचा धर्मगुरू, म्हणून आला. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे व्हिकर गावात राहतच नसे. हॉकरने शाळा काढली, राहण्यासाठी घर बांधले आणि त्याची धुराडी ओळखीच्या चर्चच्या मनोऱ्यांसारखी घडवली. शेतमजुरांत चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या झालेल्या मेथडिस्ट पंथाचा जोर होता. त्या पंथाशी त्याचे कधी जमले नाही. १८४३ मध्ये त्याने सुरू केलेली सुगीची उपासना मात्र पुढे इंग्लंडभर रुजली. खलाशाची निळी बंडी, गुडघ्यापर्यंतचे बूट असा त्याचा वेश असे. त्याच्या विक्षिप्तपणाच्या कथा लेखक बेअरिंग-गूल्ड याने लिहिलेल्या १८७६ च्या चरित्रामुळे पसरल्या. त्यांतल्या बऱ्याच ऐकीव आहेत.

त्याचे खरे काम समुद्राकाठी झाले. या खडकांवर गलबते वारंवार फुटत. वाहून आलेली प्रेते किनाऱ्यावरच वाळूत पुरण्याची जुनी वहिवाट होती. पॅरिशने त्यांचे चर्चच्या आवारात रीतसर दफन करावे असे १८०८ च्या कायद्याने ठरवले होते. हॉकरने ते मनापासून पाळले. लोकांना घेऊन तो कडा उतरे, छिन्नविच्छिन्न देह वर आणवी. अशा चाळीसहून अधिक खलाशांना त्याने मूठमाती दिली. फुटक्या जहाजांच्या लाकडांची एक खोपी त्याने कड्यावर उभारली होती. तेथे बसून तो कविता लिही आणि अफूही ओढी. ती खोपी आता वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची सर्वांत लहान वास्तू आहे.

१८४२ मध्ये ‘कॅलेडोनिया’ हे स्कॉटिश जहाज येथे फुटले. एक खलाशी तेवढा वाचला. बाकीच्यांच्या थडग्यावर हॉकरने जहाजाच्या नाळेवरची लाकडी स्त्रीमूर्ती उभी केली. मूळ मूर्ती आता चर्चमध्ये आहे, थडग्यापाशी तिची प्रतिकृती.